‘पण’ कुठं टाकू

वसमतला, मोंढ्याच्या मागं, माझं फ्लेक्सचं दुकान.
हळदीची धूळ शटरखालून आत येते.
गिऱ्हाईक थट्टा करतात,
तुम्हाला पिवळा रंग विकत कामून घ्यावा लागतो?

जुम्म्यानंतर कमिटी आली. पाच जण, एक वही.
लांबच्या कुठल्याशा शहरात
एका चित्र काढणाऱ्याला त्याच्याच जिन्यात भोसकलं होतं.
निषेधाचं पत्रक पाहिजे, मराठीत,
तहसीलदार उठायच्या आत.

मी टाइप केलं: आम्ही या हत्येचा निषेध करतो.
इथवर सगळे एक होते.
कलीमोद्दीन मास्तर म्हणाले, आता लिहा, पण.
पण आमच्या भावना दुखावल्या होत्या.
वकील म्हणाले, ‘पण’ उलटा घ्या. भावना आधी, हत्या नंतर.
पंक्चरवाले मूसाभाई स्टुलावरून उठले:
मयताच्या अंगावर ‘पण’ ठेवता का?
मास्तर तापले, तू पाहिलंस ते चित्र?
नाही. तुम्ही?
मास्तर चष्मा पुसत बसले.

मी पाहिलं होतं.
पुतण्याच्या मोबाइलवर, अर्धा सेकंद.
रात्री दोनदा उठून पाणी प्यालो.
खोटं कशाला सांगू, लागलं होतं,
बापाला कुणी भर बाजारात हसावं तसं.
हे मी कुणाला बोललो नाही.
पत्रकात ते बसलंही नसतं.

कर्सर लुकलुकत होता.
‘पण’ कुठं टाकू, मी विचारलं.
चहा आला, त्यावर साय धरली, असरची अजान झाली.
शेवटी दोन वाक्यांच्या मध्ये नुसता पूर्णविराम ठेवला.
मास्तरांनी सही केली. तारीख टाकली नाही.

रात्री दहाला पोरं आली, पेन ड्राइव्ह घेऊन.
दहा बाय आठ. मारणाऱ्याचा फोटो,
वर ‘गाजी’, मागं उगवता सूर्य.
साबेर सगळ्यात मागं, गाडीवरच, हेल्मेट न काढता.
पैसे आधीच काउंटरवर.

मी म्हटलं, मशीनमध्ये लाल नसतो.
सायन, मजेंटा, पिवळा, काळा. एवढेच.
लाल मिसळावा लागतो.
तो मी मिसळणार नाही.
“चाचा, हुजूर की शान का सवाल है.”

शान.
माझे अब्बा कातिब होते, नांदेडला.
ते नाव लिहायच्या आधी वजू करायचे.
चुकलेला कागद फेकत नसत,
पोतं भरलं की गोदावरीत सोडून यायचे.
आणि मी मिलादला तेच नाव फुटावर विकतो.
आठवड्यानं ते कुठं असतं, चला, दाखवतो.
बबनच्या म्हशींच्या गोठ्यावर.
स्टँडमागच्या संडासाच्या दाराला.
मोंढ्यात हळदीखाली अंथरलेलं,
हमालांच्या पायताणाखाली.
तेव्हा कोण निघालं मोर्चा घेऊन?
मी तरी निघालो का?

“बुढ्ढा डर गया,” एक जण म्हणाला.
डरलोच होतो.
पैसे परत देताना हाताचं थरथरणं त्यांना दिसलं.

फ्लेक्स लागलाच, हिंगोलीहून छापून. दोन तास टिकला.
जमादार खंदारे सरळ माझ्या दारात:
तुमच्याशिवाय दुसरं कोण छापणार?
मी पत्रक दाखवलं.
त्यांनी उभ्यानं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.
बरं लिहिलंय, म्हणाले.
पण.

पुढचं मी ऐकलं नाही.
प्रिंटर चालू केला होता, कुणाच्या तरी वाढदिवसाचा.

पंधरा दिवसांनी साबेर एकटाच आला.
बहिणीच्या लग्नाची पत्रिका, दोनशे प्रती.
मजकूर वहीच्या पानावर, अक्षर चांगलं होतं पोराचं.
वरची ओळ त्यानं लिहून खोडली होती.
“चाचा, बिस्मिल्लाह टाकावं का?
लोक पत्रिका कुठंही फेकून देतात.”

मी त्याला स्टूल सरकवलं.
बस, म्हटलं. बघू.